मे महिन्याचा पगार

या, असं पुढे सरकून बसा. खांबाला टेकून बसणाऱ्यांना कीर्तनात डुलकी लागते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आज पूर्वरंग नको, निरूपण नको, थेट आख्यानच लावू. आणि ते कुण्या राजाराणीचं नाही, अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणाऱ्या बाळीचं आहे. हसू येईल तिथं हसून घ्या. पुढे फारसं हसायला मिळायचं नाही.

बाळी मूळची बारवीकडच्या डोंगरातल्या वाडीवरची. नवरा गेला तशी लेकीला घेऊन खाली उतरली आणि उल्हासनगरात हरेशशेठच्या जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागली. शिवून आलेल्या पँटींचे लोंबते धागे छोट्या कात्रीनं उडवायचे, गठ्ठा बांधायचा, पुढचा ओढायचा. तिच्या जिवाला एकच ध्यास होता. लेक हर्षदा दहावी पास झाली पाहिजे. वाडीवरची एकही पोर अजून तिथवर पोचली नव्हती. आणि हर्षदाचं गाडं रुतलं होतं गणितात.

ते वर काढलं तिच्या शाळेतल्या रोहिणीबाईंनी. खासगी शाळा, सरकारचं अनुदान नाही, संस्था देईल तो पगार. बाई तिथं अकरा वर्षं गणित शिकवत होत्या. क्लास लावण्याची ऐपत नाही हे ओळखून शाळा सुटल्यावर त्या हर्षदाला थांबवून घ्यायच्या. डब्यातल्या भाकरीचे तुकडे करून त्यांनी तिला अपूर्णांक शिकवले. नववीला पोरीला बासष्ट मार्क पडले, तेव्हा बाळीनं देवाआधी बाईंच्या नावानं हात जोडले. "दहावीला पन बाईच हायेत," ती शेजारपाजारी सांगत सुटली.

आणि मे महिन्यात एका सकाळी त्याच बाई कारखान्यात तिच्या शेजारी येऊन बसल्या. हातात कात्री.

"बाई? तुमी?"

"हळू, बाळीताई."

"सुट्टीत करमत नाय म्हनून आल्यात काय?"

"मे महिन्याचा पगार देत नाहीत आम्हाला. एरवी नऊ हजार, मे महिन्यात काही नाही. घरभाडं काही सुट्टीवर जात नाही."

बाळीची कात्री हातात तशीच राहिली. "मना अकरा भेटतात व! नि तुमी येवढ्या शिकलेल्या!"

"म्हणून तर कात्री तुमच्याकडून शिकायला आले," बाई हसल्या.

तेवढ्यात हरेशशेठ आला. "अरे, मॅडमना पंख्याखाली बसवा ना! असल्या मॅडम मला असत्या तर आज मी वकील असतो."

"शेठ, शाळेत गेलेला तरी काय कधी?" मागून कुणीतरी बोललं आणि सगळा मजला खिदळला. बाईसुद्धा.

मग आवाज खाली घेऊन त्या म्हणाल्या, "हर्षदाला सांगू नका. नोकरीला लागताना लिहून घेतलंय, दुसरीकडे काम करायचं नाही. कळलं तर काढून टाकतील."

"माज्या तोंडाला कुलूप," बाळी म्हणाली. आणि तिनं ते पाळलं. स्वतःच्या पोटच्या पोरीलाही सांगितलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पालकांची सभा लागली. बाळी अर्धा दिवस खाडा करून गेली. शिक्षक भिंतीला लागून ओळीनं उभे होते, रोहिणीबाई शेवटाला. संस्थेचे अध्यक्ष श्यामकांतराव मधाळ आवाजात बोलत होते. फी वाढवावी लागते आहे, त्यांचा नाइलाज आहे. "शेवटी शिक्षकांचेही पगार वाढवायला हवेत ना?"

अनंता रिक्षावाला ताडकन उठला. "कशाला वाढवायचे? दुपारी घरी जातात हे लोक! पूर्ण मे महिना पाय पसरून फुकटचा पगार खातात. आम्ही उन्हात रिक्षा चालवायची आणि यांची सुट्टी आम्ही भरायची?"

लोक हसले. एकानं टाळी दिली. रोहिणीबाईंनी मान खाली घातली.

बाळीला ते बघवलं नाही. ती कधी उठली ते तिलाच कळलं नाही.

"फुकटचा? अरे ए, कोनाचा फुकटचा? मे मधी बाईला पगारच नाय! माज्या बाजूला बसून धागे कापत होती बाई, उल्लासनगरला! बोटांना फोड आलेले, मी बघितलेत!"

अनंताचा चेहरा उतरला. त्यानं रोहिणीबाईंकडे बघून हात जोडले. "चुकलं, मॅडम." बाळीचा ऊर भरून आला. जिंकलं, असंच वाटलं तिला.

श्यामकांतरावांचा आवाज तसूभरही बदलला नाही. "बाई, हे खरं आहे का?"

"खरं आहे, सर," रोहिणीबाई म्हणाल्या.

कुलूप कुणी उघडलं, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात हर्षदा घरी येऊन म्हणाली, "आये, गणिताला नवीन टीचर आल्यात. आमच्या बाईंना काढलं. शाळेचं नाव खराब झालं म्हणे."

बाळी शाळेत धावली. अध्यक्ष भेटले नाहीत. ती अनंताकडे गेली, त्या दिवशी हळहळलेल्या बायकांकडेही गेली. "चला, समदी मिळून सांगू." सगळे चुकचुकले. अनंता तर खाली बघूनच बोलला, "वहिनी, माझा पोरगा तिथंच शिकतो. उद्या त्याला काढला तर?" वाढीव फी सगळ्यांनी भरली. बाळीनंही भरली, हर्षदाला दहावीच्या वर्षात कुठं नेणार? नवीन टीचर बाईंपेक्षाही कमी पगारावर आल्या होत्या.

सोमवारी रोहिणीबाई कारखान्यात आल्या, कायमच्या. बाळी त्यांच्या पायांवर पडायला वाकली, तशी त्यांनी तिला दंडाला धरून उठवलं.

"माज्या तोंडानं तुमची भाकर खाल्ली, बाई."

"तुम्ही माझी बाजू घेतलीत. अकरा वर्षांत दुसऱ्या कुणी घेतली नव्हती." बाईंनी गठ्ठा पुढे ओढला. "आणि इथं बाराही महिने पगार आहे. तिथल्यापेक्षा जास्त आहे, बाळीताई. ते लक्षात आलं की घास गिळवत नाही."

दोघी बराच वेळ कापत राहिल्या. मग बाळीनं धीर केला. "रविवारी हर्षदाला घेऊन येऊ? थोडं गनित..."

बाईंची कात्री थांबली. "नको. तिनं वही उघडली, की मला फळा दिसेल. मला ते आता झेपणार नाही." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पुढची पँट उचलली. आणि बाळीनं पुन्हा विचारलं नाही.

मंडळी, आख्यान इथंच संपलं. देव धावून आला असं सांगता आलं असतं, पण तसं घडलेलं नाही. तेव्हा एवढंच करा. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपल्या लेकरांच्या नावांआधी एकदा रोहिणीबाईंचं नाव घ्या. काही मागू नका. फक्त विसरू नका त्यांना.