पाच फूट दहा

"सहा फूट," शिंपीकाका म्हणाले. "फार तर अर्धा इंच कमी धरा. त्याखाली नाही."

शेजारच्या खुर्चीतल्या काकूंना राहवलं नाही. "मग तुमचे शर्ट त्याला ढगळ कसे व्हायचे?"

"तो अंगाने बारीक होता. उंची वेगळी."

"हो, उंची वेगळी," काकू छताकडे बघत म्हणाल्या. "पंखा पुसायला स्टूल लागायचं त्याला."

फॉर्म भरून घेणाऱ्या मापताईने दोघांनाही थांबवलं नाही. पेन्सिल टेबलावर ठेवून ती वाट बघत राहिली. हे भांडण ती सतरा वर्षं ऐकत आली होती. माणसं बदलायची, भांडण तेच. हरवलेला माणूस घरच्यांच्या आठवणीत वाढत जातो, हे तिला आता पाठ झालं होतं. पहिल्या वर्षी बोटभर वाढतो, पाचव्या वर्षापर्यंत चार बोटं. आपला माणूस बुटका होता असं सांगणारं घर तिला अजून भेटायचं होतं.

लढाई झाली त्या वर्षी नदीपलीकडची गावं एका आठवड्यात रिकामी झाली आणि वाचलेली माणसं या माळावर येऊन बसली. संस्थेने आधी ताडपत्र्या दिल्या, मग पाण्याच्या टाक्या, मग दवाखाना, मग शाळा. ताडपत्र्यांच्या जागी पत्रे आले, पत्र्यांच्या जागी विटा, आणि माळाची वस्ती झाली. पुढे दवाखाना सरकारने घेतला, शाळाही घेतली. संस्थेकडे उरली ही शोधकक्षाची एक खोली. ती घ्यायला कोणी पुढे येत नव्हतं.

इथलं काम सांगायला सोपं होतं. नदीपलीकडे कधी विहीर उपसताना, कधी पाया खणताना हाडं सापडत. ती शहरातल्या प्रयोगशाळेत जात आणि एकेका खोक्यावर नंबर पडे. इकडे हरवलेल्यांच्या घरच्यांकडून फॉर्म भरून घेतले जात: वय, उंची, पडलेले दात, मोडलेली हाडं. एखादा फॉर्म एखाद्या खोक्याशी जुळला, की मगच रक्ताचा नमुना तपासणीला जाई. तपासणी महाग, वर्षाला जेमतेम चाळीस व्हायच्या. म्हणून फॉर्म नीट भरणं महत्त्वाचं, आणि फॉर्ममध्ये सगळ्यात खोटं काही निघत असेल तर ती उंची.

त्यावर मापताईने स्वतः एक युक्ती काढली होती. आत जायच्या दाराची चौकट तिने काळ्या रंगाने रंगवून घेतली होती. आकडा विचारायचाच नाही. आकडा तोंड सांगतं आणि तोंड मायेने बोलतं. हाताला काम द्यायचं.

तिने शिंप्याच्या हातात टेप दिली. "काका, भाऊ आलाय. या दारात उभा आहे. त्याला शर्ट शिवायचाय. घ्या माप."

काका थोडे हसले, मग उठले. रिकाम्या दारासमोर उभं राहून त्यांनी टेप उलगडली आणि दोन्ही हात पुढे नेले. पाठीमागून खांदे मोजताना शिंपी नेतो तसे, न बघता. हात हवेत एका जागी थांबले. मापताईने फळी आडवी धरून चौकटीवर खडूने रेघ ओढली, आणि खांद्यापासून डोक्यापर्यंतचं अंतर धरून वर दुसरी. मग चौकटीच्या मागच्या बाजूचे आकडे वाचले. समोरच्याला दिसू नयेत म्हणून ते मागे लावलेले होते. एकशे पासष्ट.

काकूंचं हसू केव्हाच मावळलं होतं. काका त्या वरच्या रेघेकडे बघत राहिले. "एवढाच होता?" त्यांनी विचारलं.

"एवढाच," काकू म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या हातातली टेप घेऊन ती नीट गुंडाळू लागल्या.

ते गेल्यावर मापताईने ओलं फडकं घेऊन रेघा पुसल्या. हा नियमही तिचाच. पुढच्या घरच्यांना आधीच्यांची खूण दिसता कामा नये, नाहीतर त्यांचा हात नकळत तिथेच जातो.

मागे कोणीतरी घसा खाकरला. हाडांची डॉक्टरीण होती. ती तीन महिन्यांतून एकदा शहरातून यायची. वस्तीतल्या म्हाताऱ्या तिला गुडघे दाखवायला यायच्या, आणि आपला जिवंत गुडघ्यांशी काही संबंध नाही हे त्यांना कसं समजवावं, हे तिला अजून कळलं नव्हतं.

"ताई, सहा नंबरच्या फॉर्मबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली.

मापताई फडकं पिळत होती. ते कोरडं झालं तरी ती पिळत राहिली. कपाटातला सहा नंबरचा फॉर्म तिच्या नवऱ्याचा होता.

डॉक्टरीण खुर्ची ओढून बसली आणि खालच्या आवाजात सांगू लागली. जुने फॉर्म चौकटीच्या युक्तीच्या आधीचे होते, त्यांतल्या उंचीवर तिचा विश्वास नव्हता. म्हणून या खेपेला तिने उंचीचा रकाना झाकून बाकीचं जुळवून पाहिलं होतं. पाच जोड्या निघाल्या होत्या. त्यांतली एक सहा नंबरची.

"खोका कुठला?"

"वीटभट्टीमागचा. सतरा."

मापताईने मान हलवली. खोका सतराचं पान तिने अकरा वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि परत कधी उघडलं नव्हतं. डावं कॉलरबोन मोडून जुळलेलं. खालची उजवी दाढ नाही. मांडीच्या हाडावरून उंची एकशे सदुसष्ट, चार इकडे चार तिकडे. बाकी सगळं नवऱ्याच्या फॉर्मसारखंच, फक्त तिथे उंची एकशे अठ्ठ्याहत्तर होती, म्हणजे पाच फूट दहा इंच. त्या दिवशी तिने वजाबाकी केली होती आणि अकरा सेंटिमीटरच्या त्या फरकाला मनातल्या मनात हात जोडले होते.

कारण खरा आकडा तिला माहीत होता. तो तिने कुठेही लिहिला नव्हता, लिहिण्यासारखा नव्हताच. नवरा समोर उभा राहिला, की मान न वाकवता त्याचे ओठ तिच्या कपाळाला लागत. ती पाच फूट एक. पाच फूट दहाच्या माणसाची हनुवटी लागली असती.

"फॉर्म परत भरून घ्यायला हवा," डॉक्टरीण म्हणाली. "माहिती तुमच्या सासूबाईंनी दिलीये. तुम्ही इथे काम करता, त्यामुळे तुमचं धरता येणार नाही. नियम तुम्हीच मला शिकवलात."

"आईंना दिसत नाही आता नीट."

"दिसायची गरज नाही ना ताई, तुमच्या पद्धतीत."

मापताईने फडकं बादलीत टाकलं. दुपारी आणते म्हणाली आणि चप्पल घातली.

घर पाच मिनिटांवर होतं. सासूबाई उंबऱ्याशी बसून शिंपीकाकांच्या शर्टांना काजं करत होत्या. दिसत नसलं तरी बोटं टाका चुकत नव्हती. सून अवेळी आली तेव्हा त्यांनी पावलांवरून ओळखलं आणि विचारलं, की ऑफिसने हाकललं की काय. मग स्वतःच म्हणाल्या, की हाकललं तर बरंच, घरात एक बटणं लावणारी वाढेल.

मापताई त्यांच्याजवळ खाली बसली. वाटेत तिने तीन वाक्यं जुळवून आणली होती. आजवर इतर घरांना जी सांगितली तीच. त्यांतलं एकही तोंडातून बाहेर येईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आई, ऑफिसात यायचंय तुम्हाला. फॉर्म परत भरायचाय."

सासूबाईंची सुई थांबली. त्यांनी दोरा दाताने तोडला, सुई उशीत खोचली, डबीचं झाकण लावलं. "कोण भरणार?"

"डॉक्टरीण."

"हाडांची?"

"हो."

सासूबाईंनी बराच वेळ हातातल्या शर्टाची घडी घातली. शर्टाला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ.

वस्तीतून दोघी चालत आल्या, तेव्हा लोकांनी नेहमीसारखी विचारपूस केली. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, सून माझं माप घ्यायला नेतेय, बहुतेक मला विकायला काढलंय. लोक हसले. मापताईच्या दंडावरची त्यांची पकड मात्र घट्ट होत गेली होती.

खोलीबाहेरच्या बाकावर एक नवराबायको येऊन बसले होते, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. डॉक्टरिणीने त्यांना थोडं थांबायला सांगितलं. मापताई सवयीने टेबलाच्या आतल्या बाजूला गेली, मग तिच्या लक्षात आलं, आणि ती वळसा घालून अलीकडच्या खुर्चीत बसली. या खुर्चीतून ती खोली तिने कधी पाहिली नव्हती. कपाट फार मोठं दिसत होतं.

डॉक्टरिणीने प्रश्न विचारले. वय. सव्वीस. मोडलेलं हाड? डाव्या खांद्याजवळचं. सायकलवरून पडला, तिसरीत असताना. दात? दाढ काढली होती, आदल्या वर्षी. सगळी उत्तरं जुन्या फॉर्मसारखीच येत होती. मग ती सासूबाईंना हाताला धरून दाराशी घेऊन गेली.

"आजी, आकडा नकोय मला. तो समोर उभा आहे असं समजा. तुम्ही त्याचं रोज काही करायचात का? वेणीफणी नसेल, पण काही तरी?"

"डोकं पुसायचे," सासूबाई म्हणाल्या. "घोडा झाला तरी केस ओले ठेवून हिंडायचा."

मापताईने आपल्याकडचा टॉवेल पुढे केला. सासूबाईंनी तो चाचपून दोन्ही हातांत धरला, रिकाम्या दारासमोर उभ्या राहिल्या, आणि तशाच थांबल्या. मापताई त्या हातांकडे बघत होती. ते हात वर जावेत, खूप वर जावेत, टाचा उंचावून जावेत, असं तिला वाटत होतं. सतरा वर्षं लोकांना खरं सांगायला लावणाऱ्या बाईला या एका क्षणी खोटं हवं होतं.

हात वर गेले. कोपर जरा वाकलेलेच राहिले, टाचा हलल्या नाहीत. टॉवेल हवेत एका गोल जागेभोवती फिरू लागला. आधी मागून, मग कानांमागून, मग वरून.

डॉक्टरिणीने फळी धरली, रेघ ओढली आणि मागे जाऊन वाकून आकडा वाचला. तिने तो मोठ्याने म्हटला नाही. कागदावर लिहिला. मापताईने पेन्सिलीची हालचाल पाहिली. एक, सहा, आठ.

"किती आलं ते मला सांगू नका," सासूबाई म्हणाल्या. हात अजून वरच होते. "मला माहितीये. तेव्हा लोक म्हणत होते, उंच पोरांना रस्त्याच्या कामाला नेलं म्हणून. त्यांना जिवंत ठेवलंय म्हणे. म्हणून मी त्याला उंच केला."

डॉक्टरिणीने पेन्सिल खाली ठेवली.

"मग रस्ता झाला, पोरं काही आली नाहीत. पण बोललेलं परत कसं घेऊ? तू रोज त्या ऑफिसात जायचीस. मला वाटायचं, हिने त्या आकड्यावर आशा धरलीये, आपण कशाला काढून घ्या."

"मला ठाऊक होतं, आई," मापताई म्हणाली.

सासूबाईंनी हात खाली घेतले. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही सांगत होतात तेव्हा मी शेजारीच बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही त्याला उंच केलात. मला खाली आणवेना."

सासूबाईंनी मान हलवली, एखादा हिशेब अखेर लागावा तशी. दोघी अठरा-एकोणीस वर्षं एका चुलीवरचं जेवल्या होत्या, मिठावरून भांडल्या होत्या, आणि रोज रात्री शेजारी शेजारी अंथरुणं घालून एकमेकींसाठी तेच खोटं राखत झोपल्या होत्या.

डॉक्टरिणीने सासूबाईंच्या बोटातून रक्ताचे चार थेंब कागदावर घेतले आणि तो वाळायला ठेवला. मग ती म्हणाली, "अजून रक्त जुळायचंय. तोवर काहीही नक्की नाही." वाक्य मापताईचं होतं. कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, डोळ्यांत बघायचं पण हात धरायचा नाही, सगळं तिनेच शिकवलेलं. ऐकणाऱ्याला ते वाक्य कसं लागतं, हे तिला आज कळलं. ऐकू येतं, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

बाहेरच्या बाकावर कागदांची पिशवी सळसळली. मापताई उठली. डोळे पुसायच्या आधी तिने बादलीतलं फडकं उचललं, कारण माणसं ताटकळली होती आणि चौकटीवर रेघ होती.

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या.

"मी पुसते, आई. तुम्हाला दिसायचं नाही."

"कुठे आहे ते मला माहितीये."

त्यांनी फडकं घेतलं, घट्ट पिळलं, आणि न चाचपता हात वर नेला. नेमका त्या रेघेवर. आधी मागून, मग कडेने, मग वरून. काळा रंग ओला होऊन चमकला आणि हळूहळू वाळला. खडूचा कणही राहिला नाही, तरी त्या आणखी थोडा वेळ पुसत राहिल्या.

मग फडकं सुनेच्या हातात देऊन म्हणाल्या, "बोलव त्यांना."