सरकवलेला उंबरठा

क्वार्क सुटा सापडत नाही, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कणाचं वस्तुमान सरळ मांडता येत नाही. मग एकच राशी दोन वाटांनी काढायची. एका बाजूला क्वार्क, त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन आणि रिकाम्या भासणाऱ्या पोकळीतली त्यांची दाटी. दुसऱ्या बाजूला प्रयोगात दिसणारे कण: एक सगळ्यांत हलका, बाकी वरची गर्दी. गर्दी एका उंबरठ्यापलीकडे ठेवायची, तिचं वजन एका आकड्याने कमी करायचं आणि दोन्ही बाजू समान धरायच्या. तो आकडा थोडा बदलूनही हलक्या कणाचं वस्तुमान हललं नाही, तर उत्तर खरं मानायचं.

मॉस्कोच्या आमच्या संस्थेत फाईना मार्कोव्हनांनी हे गणित अकरा महिने हाताने, वह्यांमध्ये केलं. मी त्यांचा सहायक संशोधक, वय एकतीस. उत्तर आलं प्रोटॉनच्या साडेतीनपट. ते जागचं हललं नाही.

तेवढ्यात परदेशातल्या प्रयोगाची बातमी आली: सव्वातीनपट. उत्तर त्याच्याशी जुळावं म्हणून विभागप्रमुख आर्कादी लुकिच यांनी उंबरठा खाली घ्यायला सांगितलं.

"घेते," फाईना मार्कोव्हना म्हणाल्या. "पण मग आकडा जरा बदलला की उत्तर उतारावरून घसरतं. घसरतं त्याला उत्तर म्हणत नाहीत."

लुकिचनी त्यांचा लेख सहीविना ठेवून दिला आणि मला बोलावलं. माझा प्रबंध त्यांच्याच हातात होता. आठवड्यात मी उंबरठा सरकवला. आलेखाचा एवढासाच तुकडा छापला, म्हणजे उतार दिसू नये. लेखावर नावं दोनच होती, लुकिचचं आणि माझं.

लेख वाचून त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"आलेख इतका अरुंद का रे काढलास, वादिक?"

संपादकांनी कापला, असं मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या, आणि चहा न घेताच गेल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या.

तीन वर्षांनी त्या परदेशी प्रयोगाचा निष्कर्ष मागे घेण्यात आला. नवं मोजमाप साडेतीनपटीच्या जवळ आलं. आपल्या पद्धतीचा कौल आधीपासून इकडेच होता, असं लुकिचनी परिसंवादात सांगितलं. मी मान डोलावली.

संध्याकाळी मी फाईना मार्कोव्हनांना फोन केला. नवा आकडा सांगितला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुलाही होतंच. माझ्या वह्या तेवढ्या आणून दे. त्यांवर तारखा आहेत."

शोधतो म्हणालो. त्यांची खोली रंगवताना वह्या रद्दीत गेल्या होत्या. नेणाऱ्याला दार मीच उघडून दिलं होतं.