काजळीच्या ठाणावरचा सापळा

मित्रांनो, मी एक जुना चिलटांचा सापळा आहे. वर मिणमिणता दिवा, मध्ये पंखा, खाली काचेची बरणी. दिव्याला भुललेलं चिलट पंख्याने ओढलं जातं आणि बरणीत पडतं. रूपाचं म्हणाल तर बोंब आहे. पण चिलटांमुळे पसरणारी घोड्यांची साथ पुढे कुठे जाणार, हे डॉक्टरीणबाई माझ्या बरणीवरून आणि वाऱ्यावरून सांगत. धोक्याची गावं नकाशात लाल होत आणि लस आधी तिकडे जाई. तेव्हा माझा केवढा मान होता!

या तबेल्यात मला काजळी नावाच्या घोडीच्या ठाणावर टांगलं. तबेल्याच्या काकांचा तिच्यावर फार जीव. सकाळी काळी झालेली बरणी पाहून ते हादरलेच.

"बाई, तुमचा हा दिवाच त्यांना आमंत्रण देतोय!"

"अहो काका, ती आधीच आलेली असतात. हा फक्त दाखवतो."

काकांना ते काही पटलं नाही. बाईंची पाठ वळली, की रोज तिन्हीसांजेला ते मला गच्चीवर नेऊन टांगत आणि सकाळी गुपचूप खाली आणत. गच्चीवरच्या वाऱ्यात चिलट टिकत नाही. बरणी रिकामी राहू लागली, काका खूश झाले. नकाशात आमचं गाव पांढरं झालं आणि लस दुसरीकडे गेली. कोंबडं झाकलं म्हणून का सूर्य उगवायचा राहतो?

चिलटांच्या पंखांना आवाज नसतो म्हणतात. मी आयुष्यभर तोच ऐकला आहे. गच्चीखाली तो दाट होत चालला होता. काजळी शेपटी आपटत राही. मग तेही थांबलं. मला फार भीती वाटली, पण सापळ्याला ओरडता येत नाही.

एका सकाळी तिच्या डोळ्यांवर सूज होती, नाकातून फेस येत होता. दुपारपर्यंत ती गेली.

"काका, मग बरणी रिकामी कशी हो राहिली?"

काकांनी नुसतं गच्चीकडे बोट दाखवलं. मग बाईंनी तिथूनच फोन करून आमचं गाव लाल करायला सांगितलं.

मित्रांनो, वाईट बातमी आणणाऱ्याला नजरेआड करू नका. त्याला त्याच्या जागी राहू द्या. आता काकांनीच मला पुन्हा काजळीच्या ठाणावर टांगलं आहे. तिथे घोडी नाही, तरी बरणी सकाळी काळीकुट्ट असते. काका ती उजेडात धरतात, उरलेल्या घोड्यांकडे बघतात आणि फोनवर विचारतात, "बाई, लस कधी येतेय?"