डावीकडे बघणारी जलपरी

डोळा... नखाएवढं भोक, एका टोकाला निमुळतं, आणि त्यातून सकाळचं ऊन येऊन अंगणातल्या मातीवर पडलेलं. रोझलोरनं पत्र्याची जलपरी जराशी कलती केली तसा तो उन्हाचा ठिपका सरकला, कोंबडीच्या पाठीवर चढला, आणि तिला एकटीलाच हसू फुटलं. काल ही बाई आंधळी होती, आज बघतेय. माझ्याकडेच बघतेय! सकाळपासून तिला एका जागी बसवत नव्हतं, मक्याचा सांजा ताटलीतच गार झाला होता — कारण दुपारी मादाम व्हिलेर येणार होत्या, शहरातल्या मोठ्या दुकानाच्या, आणि त्यांना अशाच जलपऱ्या हव्या होत्या, परदेशी पाठवायला, खाली रोझलोरचं नाव कोरलेल्या. फक्त मागच्या वेळी जाता जाता त्या एक बोलून गेल्या होत्या, अगदी सहज. "नक्षी तुझीच आहे ना गं? तसं लिहून द्यावं लागेल हं. उद्या कुणी 'नक्षी माझी' म्हणून दारात उभं राहिलं, तर तूही बुडशील आणि मीही."

माझीच, असं तिनं पटकन म्हणून टाकलं होतं. आणि तेव्हापासून तो शब्द घशात, माशाचा काटा अडकावा तसा...

कारण शेपटी. ते शेपटीचं वळण, वर जाता जाता मधेच लाजून मागे फिरणारं, बॉस मेर्सिदियूंचं होतं; मुरलेल्या कारागिराला इथे बॉसच म्हणतात. नोआयच्या या पत्रा ठोकणाऱ्यांच्या गल्लीत हातोडी धरणाऱ्या कुणालाही विचारा. त्यांच्याच अंगणात ती शिकली. तेलाची रिकामी पिंपं वाळक्या केळीच्या पानांच्या जाळात भाजायची, रंग जळाला की फाडून, ठोकून सपाट करायची, मग बॉस खडूनं एका दमात रेघ ओढायचे आणि ती समोर बसून, पत्रा पायानं दाबून, नुसती बघत राहायची. गल्लीत एकमेकांची नक्षी उचलणं म्हणजे शेजारून विस्तव आणणं, कोण कुणाला विचारतंय! पण विस्तवावर कुणी आपलं नाव कोरत नाही... बरं, शेपटी त्यांची. आणि वेण्या? धाकट्या बहिणींच्या डोक्यांवर घालून घालून बोटांत मुरलेल्या वेण्या — पत्रा पालथा करून मागून ठोकून उठवलेल्या, टोकाशी सुटून लाटा झालेल्या — त्या तर माझ्या ना? मग अख्खी बाई कुणाची? जलपरी काय कोंबडी आहे, तंगडी तुला नि पंख मला?

ती उठलीच. विचारून टाकायचं. बॉस नाही म्हणाले तर मादामना 'जमणार नाही' म्हणून सांगायचं, संपलं... संपलं असं मनात म्हणतानाही पाय मात्र नाचरेच पडत होते.

गल्लीत दोन्ही अंगांनी हातोड्या सुरू झाल्या होत्या. दारात बसून पत्र्याचा कोंबडा कापणाऱ्या सेलोमनं मान वर केली. "काय गं, जलपरीला फिरायला काढलंस? समुद्र तिकडे आहे!"

"तू आधी त्या कोंबड्याला मान लाव, मग बोल!"

बॉस आंब्याखाली बसले होते, गुडघे पसरून, समोर नवा सपाट पत्रा. तिनं जलपरी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि वाटेत घोकलेलं सगळं विसरली. "बॉस, ही माझी. म्हणजे... शेपटी तुमची. विकू का? माझ्या नावानं?"

त्यांचं जाड बोट शेपटीवरून फिरलं, घरच्या उंबऱ्यावरून फिरावं तसं.

"पोरी, माझ्या जलपऱ्या उजवीकडे बघतात."

"हो."

"ही डावीकडे बघते."

"मी समोर बसून शिकले ना, बॉस. मला सगळं उलटंच दिसायचं."

ते हसले, हसता हसता खोकले, डोळे पुसले. "आणि मी म्हणायचो, पोरगी हुशार, पण हिचे मासे सगळे घरी परत का निघालेत!"

तीही हसली, आणि छातीत काहीतरी इतकं हलकं झालं की भीती वाटली. पण हो कुठे म्हणालेत ते अजून? बोट आता वेण्यांपाशी येऊन थांबलं होतं.

"हे कसं केलंस?"

"मागून ठोकून."

"हं..."

मग बॉसनी कानामागचा खडू काढला. तिची जलपरी आपल्या नव्या पत्र्यावर ठेवली आणि तिच्या कडेकडेनं रेघ ओढायला लागले. विचारलं नाही; गल्लीत विचारतं कोण? तोच हात, तोच एक दम. शेपटी झाली, कंबर झाली, आणि खडू वेण्यांकडे निघाला...

माझ्या आहेत त्या! — आतून इतक्या मोठ्यानं आलं की तोंडून निघालं की काय, तिला कळेना. हाच तो शब्द, आणि या वेळी काटा नव्हता कुठेच. राग आला होता, उड्या माराव्याशा वाटत होत्या, लाजही वाटत होती, सगळं एकदम. जी स्वतः परवानगी मागायला आली तीच आता... कोणत्या तोंडानं?

पण तिचा पंजा आपणहून पुढे गेला होता, पत्र्यावर टेकला होता, नेमका खडूच्या वाटेत. खडू थांबला. बॉसनी वर पाहिलं.

"काय गं?"

खडूचं टोक तिच्या बोटाला टेकलं होतं, वेण्यांच्या जरा अलीकडेच. तिनं हात उचलला नाही.