गळ्यातली किल्ली

छन्!

भर दुपारी पडदे ओढून अंधार केलेल्या त्या खोलीत बायका गप्प बसल्या होत्या. पलंगावरची पोटुशी पोरसुद्धा कण्हायची थांबली होती. त्या शांततेत मी वाजलो आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्या दुपारची गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी माझी ओळख करून देतो.

मित्रांनो, मी एक जुना किल्ल्यांचा जुडगा आहे. इंग्लंडमधल्या टॉटनेस गावी, डार्ट नदीच्या धक्क्यावरच्या लोहाराने मला घडवलं. माझ्या जाड लोखंडी कडीत वखारीची लांबलचक किल्ली होती, तळघराची होती, चादरींच्या कपाटाची होती, आणि सोन्याच्या भावाच्या साखर-लवंगांच्या डबीची ती करंगळीएवढी नखरेल किल्लीही होती. चांदीच्या साखळीने मी मालकिणीच्या कमरेला लटकायचो. चालताना बाई किती वाजते यावरून आमच्या गल्लीत तिचा मान ठरायचा. आणि मी, खोटं कशाला बोलू, सगळ्यांत जास्त वाजायचो!

माझी पहिली मालकीण इझोट. कापडाचे बडे व्यापारी हंफ्री कॉलिंग यांची बायको. ती तापाने गेली आणि मी तिच्या लेकीच्या, विल्मटच्या कमरेला आलो. विल्मट तेव्हा एवढीशी होती, मी तिच्या गुडघ्यांवर आपटायचो. पण पोरगी काय टेचात चालायची! पुढे मालकांनी दुसरं लग्न केलं आणि टॉमसिन घरात आली. नव्या मालकिणीच्या हाती जुडगा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. विल्मटने दिला. मात्र देण्याआधी ती जिन्याखाली गेली, एक किल्ली काढली, दोऱ्यात ओवली आणि झग्याच्या आत गळ्यात घातली. ती तिच्या आईच्या पेटीची किल्ली होती.

टॉमसिनने मला तळहातावर घेतलं. एकेका किल्लीवरून बोट फिरवलं. मग कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं, आणि पोरीच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे.

"सगळ्या आहेत ना गं?" मालकांनी विचारलं.

"सगळ्या आहेत," टॉमसिन म्हणाली.

त्या दिवसापासून मी तिचा झालो.

काय दिवस होते ते! मालक जहाजाने अँटवर्पला गेले की महिनोन्महिने येत नसत. वखार टॉमसिन चालवायची. एकदा एक परदेशी व्यापारी दारात येऊन म्हणाला, "मालक नाहीत? मग मी पुन्हा येतो."

"मालक समुद्रावर आहेत," टॉमसिनने मला कमरेवर खळखळवलं. "मालकीण तुमच्या नाकासमोर उभी आहे. बोला, नाहीतर वाट सोडा. मागे गाडी थांबलीये."

तो बोलला. आणि जाताना टोपी काढून गेला.

तिची स्वतःची दोन्ही बाळं पाळण्यातच गेली. त्याबद्दल ती कधी बोलत नसे. विल्मटला तिने लिहायला शिकवलं, कापड बोटांनी ओळखायला शिकवलं, चांगलं घर बघून तिचं लग्न लावलं. विल्मट मात्र तिला "मालकीणबाई" म्हणायची. "आई" कधीच म्हणाली नाही. आणि कोपऱ्यातली ती पेटी बंदच राहिली.

आता ती दुपार ऐका. पहिल्या बाळंतपणाला विल्मट बापाच्या घरी आली होती. नवरा जहाजावर, बापही जहाजावर. कळा पहाटेपासून चालू होत्या, पण बाळ काही येईना. ॲव्हिस सुईण घाम पुसत म्हणाली, "कुलपं उघडा! गाठी सोडा! घरात काही म्हणता काही बंद राहायला नको!"

बाळ अडलं की आमच्याकडे असंच करतात; घर मोकळं झालं की बाळाची वाटही मोकळी होते म्हणे. टॉमसिन धावली. वखार उघडली, तळघर उघडलं, कपाटं उघडली. डोक्याची टोपी काढून केससुद्धा मोकळे सोडले. स्वयंपाकीण कुजबुजली, "साखरेची डबी उघडी टाकली? अगं बाई, मग मामला गंभीर आहे."

तरी काही होईना. ॲव्हिस म्हणाली, "कुठंतरी काहीतरी बंद आहे."

 टॉमसिनने मला साखळीतून सोडवलं आणि विल्मटच्या हाताशी पलंगाच्या काठावर ठेवलं. छन्!

"सगळी कुलपं उघडली, पोरी. माझ्याकडे किल्ल्या होत्या तेवढी."

विल्मटने डोळे उघडले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग मागितली का नाहीत?"

"तुझ्या आईची होती ना. मी कशी मागू?"

विल्मटने गळ्यातला दोरा ओढून काढला. "तुम्हीच उघडा. सांभाळून, झाकण डावीकडे अडतं."

झाकण अडलं, मग उघडलं. लव्हेंडरचा वास खोलीभर पसरला. आत सोनेरी झालरीचं लालभडक वस्त्र होतं. त्यातच गुंडाळून कधीकाळी विल्मटला बाप्तिस्म्याला नेलं होतं. टॉमसिनने ते तिच्या उशाशी ठेवलं. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. कुलपांमुळे झाली की ॲव्हिसच्या हातांमुळे, मला ठाऊक नाही. पण मी फुगायचा तेवढा फुगलो!

तीन दिवसांनी बाप्तिस्मा होता. बाळंतीण घरीच राहते. बाळाला नेते ती धर्ममाता, आणि बहुतेक वेळा आपलंच नाव देते. विल्मटने स्वतः टॉमसिनला धर्ममाता नेमलं होतं. वाटेत शेजारीण पेट्रोनेल म्हणाली, "चला, तुमचं नाव चालवणारं कुणीतरी मिळालं बाई."

टॉमसिनने लाल वस्त्राची घडी नीट केली. 

पाद्र्याने विचारलं, "नाव?"

तिच्या कमरेवर मला तिचा श्वास जाणवला. एकदा आत गेला, आणि थांबला.

"इझोट," ती म्हणाली.

घरी विल्मट उठून बसली होती. "काय ठेवलंत नाव? टॉमसिनच ना?"

"इझोट."

 विल्मटने मला ओढून घेतलं, कडी उघडून ती जुनी किल्ली माझ्यात ओवली आणि म्हणाली, "आई, तुमचा जुडगा अपुरा होता."

मित्रांनो, आता मी खिळ्यावर टांगलेला असतो. वखारीला नवं कुलूप आलंय, माझ्या निम्म्या किल्ल्यांना दारंच उरली नाहीत. कधी आठवण झाली तर अशा जुन्या वस्तूंना थेंबभर तेल लावत जा. आणि एखाद्या किल्लीचं कुलूप सापडत नसलं, तरी ती फेकू नका. कुणीतरी ती जपून ठेवली होती, तेवढं लक्षात असू द्या.

अजून मला खाली काढतं ते एकच माणूस. छोटी इझोट स्टुलावर चढते, मला ओढते आणि टॉमसिनआजीला पेटी उघडायला लावते. परवा पेटीतलं लाल वस्त्र गालाला लावून ती म्हणाली, "आजी, ही त्या आजीची पेटी ना? ती देवाघरी आहे ना?"

"हो गं राणी."

"आणि तूसुद्धा जाणार ना?"

"जाणार की."

 मला उचलून पोरीने खळखळवलं, आणि विचारलं, "मग तिथे जुडगा कुणाच्या कमरेला? तिच्या की तुझ्या?"

टॉमसिनने मला पोरीच्या हातातून घेऊन मुठीत घट्ट धरलं.  आणि जन्मभर वाजत आलेला मी तेव्हा वाजलो नाही.