आरशातली तिसरी

“थांबवा! तिथंच थांबवा. हीच ती बया!”

मुकद्दस-आपाने पडद्यावर बोट टेकवलं. सोलिजानचा हात आधीच थांबला होता. कॅसेट एकोणीसशे ब्याण्णवची, मुकद्दसच्याच लग्नाची. नवरा-नवरीच्या डोक्यावर शाल धरलेली, समोर आरसा, आणि आरशात दोनाऐवजी तीन चेहरे. तिसरी बाई मागे झगझगीत दिवा घेऊन उभी.

“आरशात दोघांनीच दिसायचं असतं, सोलिजान-आका. तिसरं तोंड दिसलं की तिसरं माणूस संसारात शिरतं. माझी सासू तेव्हाच बोलली होती. दहा वर्षांत नवऱ्याने पलीकडच्या गल्लीत दुसरं घर थाटलं. ठरलं का खोटं?”

“नवऱ्याची लफडी आरशाच्या माथी कशाला मारता, आपा?”

“मग कुणाच्या माथी मारू? तो तर पोरीच्या लग्नात मानाच्या जागी बसून पुलाव चापणार आहे. पोरीचा हट्ट, की आईचं लग्न मोठ्या पडद्यावर दाखवायचं. दाखवा बापडे. पण ही बया पुसून टाका. आणि कॅसेट मला परत द्या, तंदूरमध्ये घालते एकदाची.”

बुरशी धरलेली ती फीत सोलिजानने चार दिवस हाताने उलगडून, कापसाने हातहातभर पुसली होती, तेव्हा कुठे आज ती चालली. सगळ्या मार्गिलान शहरात चालता प्लेअर उरला होता तो त्याच्याकडेच. लोक माळ्यावरच्या कॅसेटी आणत, तो त्या संगणकात उतरवून देई. लोकांना वाटे, म्हातारा पोटासाठी करतो. पोटासाठी करत होताच. पण दर कॅसेटीत तो एकच गोष्ट शोधत होता.

ती बया त्याची बायको होती. झुलहुमोर.

बावीस वर्षं लग्नालग्नांतून तिने त्याच्या कॅमेऱ्यामागे दिवा धरला. हजार वॅटचा. बोटांना चटके, डोळ्यांना धार. चारशे नवऱ्या तिच्या उजेडात देखण्या दिसल्या, ती स्वतः कुठेच नाही. बाईने उजेड धरायचा, उजेडात यायचं नाही, हा कायदा कुणा मुल्लाने केलेला नव्हता. सोलिजानने केला होता. पहिल्याच वर्षी ती एकदा आरशात आली, तेव्हा भरल्या घरात त्याने असा आवाज चढवला, की पुढे तिची सावलीसुद्धा चित्रात पडली नाही. ते घर कुणाचं, हे तो विसरून गेला. ओरडणारे विसरतात.

चार वर्षांपूर्वी ती वारली. मागे उरला पासपोर्टचा फोटो, सीमेवरच्या शिपायाला दाखवण्यापुरता. ती चालायची कशी, मान कशी वळवायची, हे त्याला हल्ली आठवेनासं झालं होतं.

मुकद्दसला ‘पुसलं’ म्हणून सांगता आलं असतं. गुपचूप ठेवून घेता आलं असतं. तिला काय कळणार होतं?

“आपा,” तो म्हणाला, “ती बया माझी आहे.”

मुकद्दसचं बोट खाली आलं. तिने डोळे बारीक करून पडद्याजवळ तोंड नेलं.

“अगं बाई! आपली दिवेवाली?” मग बराच वेळ ती बघत राहिली. “त्या दिवशी मी आतल्या खोलीत रडत होते, आका. मला हा नवरा नकोच होता. हिने पाहिलं, दिवा भिंतीकडे वळवला आणि बाहेर ओरडून सांगितलं, दिवा बिघडलाय, थांबा जरा. पोटभर रडू दिलं मला.”

“म्हणजे त्याबद्दलही मी तिलाच बोललो असेन.”

“असेन काय? सगळ्या आळीने ऐकलं!”

सोलिजानने चित्र पुढे सोडलं. तीस वर्षांपूर्वीचा त्याचाच तरणा आवाज खोलीत फुटला. “आरशातून बाहेर हो! आधी दिवा बिघडवतेस, आता ही तऱ्हा! अक्कल आहे का?” आरशातली बाई निघून गेली.

मुकद्दस उठली. “माझ्या प्रतीतून काढाच. पोरीच्या सासरचे बघणार, त्यांची तोंडं कोण धरणार? तुमच्यासाठी मात्र ठेवा. कॅसेटही राहू द्या.” दारात ती वळली. “आणि तुमचं ते खेकसणं कापून टाका. कानाला बरं नाही.”

ती गेल्यावर त्याने तेवढा तुकडा वेगळा केला. आठ-नऊ सेकंद. मग त्यातलं आपलं खेकसणं काढून टाकलं.

आता सगळं शांत. झुलहुमोर आरशात बघते. दिवा या हातातून त्या हातात घेते, चटका बसलेलं बोट ओठांत धरते. मग मान वळवते आणि जाते.

त्याने तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आलं. आवाज नसला, की ती आपण होऊन निघून गेल्यासारखी दिसते. कंटाळून, मर्जीने.

तशी ती कधीच गेली नव्हती.

त्याने आवाज परत जोडला. होता तसा, पुरा.