फुंकर मीच शिकवली

मी प्रोजेक्टर बोलून राह्यलो, राजेहो. तोंड दाखवाले लाज वाटते, म्हणून भिंतीकडे पाहूनच बोलतो. अक्षरं फेकतो मी, पण वाचता मले एकबी येत नाई.

माहे मालक वाहिदभाई, दिग्रसचे. लग्नाचे व्हिडिओ बनवते. माह्यी सारी जवानी मांडवातच गेली. मी मोठा खोडीचा! नवरदेव हार घालाले वाकला का मी बरोबर तवाच पडद्यावर त्याले हिरवा करो. मामाची मुंडी उडवून टाको. लोकं हासत, मले गुदगुल्या होत. लोकं हासले म्हंजे काम फत्ते, एवढंच मी शिकलतो.

मंग मागच्या पावसाळ्यात एका गावच्या सरपंचानं वाहिदभाईले फिलम बनवाले सांगतलं. कपाशीवर औषध फवारणाऱ्या मजुरायसाठी. पंपाची तोटी बुजली त तोंडानं फुंकू नका, जहर पोटात जाते, एवढंच सांगायचं होतं. आपल्या इकडे तोटी बुजली का सगळेच फुंकते. बाप फुंके, म्हणून लेक फुंकते.

वाहिदभाईनं लग्नावानीच फिलम केली. गुलाब उडाले, गाणं वाजलं, चारी कोपऱ्यातून अक्षरं नाचत आली. मधात एक कार्टूनचा बुढा गाल फुगवून तोटी फुंके, पोंऽऽ! लय मजेदार. त्याच्यावर लाल फुली आली, पण गाणं संपल्यावर, आन एवढुशी. बाकी समदं लिहून.

वाहिदभाईची पोरगी नसरीन, मास्तरकी शिकलेली. म्हणे, "अब्बा, फुंकणारा एवढा मोठा, आन फुली मुंगीएवढी? इथं वाचता येते कोणाले?"

"बेटा, मजा नाई आली त लोकं उठून जातीन."

मी मनात म्हटलं, बरोबर!

गावच्या सभेत मी ते दाखवलं, तवा लखीराम नावाचा मजूर पुढंच बसलता. हासून हासून लोळला. बायकोले, सुखीबाईले, गाल फुगवून दाखवे. पोंऽऽ!

चार दिवसानं वावरात त्याची तोटी बुजली. त्यानं गाल फुगवले.

तीन दिवस यवतमाळच्या दवाखान्यात पडून होता. वाचला बिचारा. मंग सुखीबाई वाहिदभाईच्या दुकानात आली. भांडली नाई. एवढंच म्हणे, "दादा, फिलममधल्यावानीच केलं म्हणते तो. तुमीच दाखवलं ना?"

वाहिदभाईची मान खाली गेली. मी तिथंच टेबलावर होतो. मले मानच नाई, नाई त मीबी घातली असती.

नसरीननं फिलम नव्यानं केली. बुढा पहिले काढला. मंग गाणं, गुलाब, अक्षरं. राह्यलं काय? हातमोजे घातलेला एक हात, तोटी, पाण्याची बादली आन एक जुना ब्रश. तिचाच आवाज: "आधी पंप बंद करा." पंप बंद दिसे. "आता तोटी काढा." तोटी निघे. जेवढं बोलणं, तेवढंच चित्र.

"हे काय मयत आहे का?" वाहिदभाई बोलले. "कोण पाहीन?"

"नाई पाह्यलं त नाई. चुकीचं त नाई शिकणार, अब्बा."

दुसऱ्या सभेत कोणी हासलं नाई. मी फुगून बसलो. नसरीननं मले मधातच बंद केलं आन साध्या पाण्याचा पंप लखीरामच्या हातात देला. तोटीत मुद्दाम चिखल भरलता.

"मामा, करून दाखवा."

त्याचा हात सवयीनं तोंडाकडे गेला. सुखीबाईनं पदर दातात धरला. हात ओठापाशी थांबला. मंग खाली आला. त्यानं तोटी बादलीत बुडवली, ब्रशनं घासली, लावली. पंप चालवला, पाण्याचा फवारा पहिल्या रांगेवर उडाला.

"अबे, भिजवतं का आमाले!" लोकं ओरडले.

"भिजा ना बाप्पा," लखीराम म्हणे, "पाणीच आहे."

सुखीबाई रडत रडत हासली. आन मी? मी तवा बंद होतो.

आता माहा दिवा पिवळा पडला. तरी बोलवा मले, मी येतो. पण नको ते माह्या पोटात भरू नका, राजेहो. मी ते हत्तीएवढं करून दाखवीन, आन तुमी हासले त अजून रंगवीन. मले अक्कल नाई.